रगात माझं, नाव भावाचं

आमी वडूजच्या वरल्या अंगाचं. ज्वारी, बाजरी, मटकी, पाऊस झाला तर पीक, न्हाई तर न्हाई. म्हनून आमच्याकडं पोरगं सोळा वर्साचं झालं की सकाळी उठून पळाय लागतंय, त्याला कुनी सांगाय लागत न्हाई, मीबी पळलो. वडील लवकर गेलं. आईनं वाडवलं आमाला, मला आन् अमोलला. अमोल माझ्यापरास नऊ वर्सानं ल्हान, त्याला मी शिकवला, आयटीआय केला, आता सांगलीजवळ कुपवाडला कारखान्यात लेथवर हाय, हात लय साफ हाय त्याचा. आन् मी उत्तम, हवालदार उत्तम, एकवीस वर्सं झाली फौजेत. दंडावर तीन फित्या हायत. म्होरली पायरी नायब सुभेदार, तवा खांद्यावर स्टार लागतो. काय सांगू तुमाला, आमच्या गावात घरटी एक मानूस फौजेत हाय, तितं मानसाला कितव्या नंबराचा पाट द्यायचा ते त्याच्या खांद्याकडं बगून ठरतंय.

तर दोन वर्सांमागची गोस्ट. युनिट राजस्थानात. मला तहान लागाय लागली, लागावी म्हंजी किती, पानी प्यावं आन् बाटली खाली ठिवायच्या आत परत प्यावं वाटायचं. समदे म्हनायचे उनाळा हाय. मीबी म्हनायचो उनाळा हाय. मग बुटानं टाच सोलली, एवडीशी, रुपायाएवडी, ती महिना झाला तरी भरंना. पट्ट्याला दोन भोकं आत गेलो. मला कळलं व्हतं, उगं खोटं कशाला बोलू. माझ्या शेजारच्या पलंगावरचा नायक असाच वाळत गेला व्हता, त्याला मिलिट्री हॉस्पिटलात नेला, शुगर निघाली, कॅटेगरी पडली. कॅटेगरी पडली म्हंजी कागदावर आलं की ह्यो मानूस पुरा फिट न्हाई. मग बर्फावर न्हाई, कोर्सला न्हाई, आन् स्टार तर इसराच. माझा स्टार दोन महिन्यावर आला व्हता. बढतीचं मेडिकल तेवडं ऱ्हायलं व्हतं.

आता एक सांगतो, हे तुमाला कुनी फौजी सांगायचा न्हाई. सुट्टीवर आलं की आमच्यातलं लय जन भायेर, खासगीत तपासून घेत्यात, पन सोत्ताच्या नावानं न्हाई. कुनी मेव्हन्याच्या नावानं, कुनी चुलतभावाच्या. एका बहाद्दरानं तर बायकूच्या नावानं शुगर काडली, रिपोर्ट घेऊन डाक्टराकडं गेला, डाक्टर म्हनला बाईंना आत पाठवा. हसू नगा, खरं हाय. शुगर निघालीच तर गुपचूप गोळ्या खायच्या, युनिटच्या मेडिकलपतूर खाली आनायची, आन् छाती काडून हुबं ऱ्हायाचं. मीबी तेच ठरवलं, सुट्टी घेऊन घरी आलो. वडूजला काडली तर दुपारपतूर समद्या तालुक्याला कळतंय, म्हनून सांगली गाठली. अमोलच्या खोलीवर मुक्काम केला, सकाळी तो कामावर गेला, मी उपाशीपोटी गेलो एका लॅबमदी. खिडकीवरल्या पोरीनं नाव इचारलं. माझ्या तोंडातनं आलं, अमोल. आडनाव तेच, गाव तेच, वय नऊनं कमी. सांजच्याला रिपोर्ट घेतला, दोनशे ऐंशी. तितंच हुबा ऱ्हाऊन फाडला, तुकडं टाकलं, दुकानातनं गोळ्या घेतल्या, अमोलला कायबी बोललो न्हाई, आन् मला वाटलं मिटलं.

त्याच आठवड्यात अमोलची सुपारी फुटली. आष्ट्याची पोरगी, दीपाली नाव, बाप ऊसवाला पन मानूस एकदम सादा. आमी समदे खुशीत. आन् आठ दिसांनी मदल्या पाव्हन्याचा फोन, की आष्टेकर न्हाई म्हनत्यात. आवं, का? तर पोराला शुगर हाय आन् तुमी लपवून ठिवली. पोरीचा मामा त्याच लॅबमदी रिपोर्ट टाईप करायला व्हता. त्यानं मला बगितलं नव्हतं, नुसतं नाव बगितलं, गाव बगितलं, आन् भनीला फोन लावला.

अमोल बिचारा, त्याला काय ठावं? तो म्हनला मला कसली शुगर, आन् गेला दुसऱ्या लॅबमदी, रगात दिलं, रिपोर्ट एकदम चोख, पाठवून दिला आष्ट्याला. त्यावर मामा काय म्हनला म्हाईत हाय? म्हनला, दुसऱ्याचं रगात दिलं असंल, असली मानसं आमी रोज बगतो. अमोल काम सोडून गावाकडं आला व्हता, मी अंगनात दाडी करत व्हतो, त्यानं माझ्याम्होरं हुबं ऱ्हाऊन हे सांगितलं. माझा हात थांबला. दुसऱ्याचं रगात! बोलला तो अमोलला, बसलं मला. तरीबी सांगतो तुमाला, मी तवा तोंड उगडलं न्हाई. दोन दिस उगडलं न्हाई. ह्या दोन दिसांची मला अजून लाज वाटती, शुगरची न्हाई वाटत.

तिसऱ्या दिशी चुलीम्होरं आईला आन् बायकूला, सुरेखाला, सांगून टाकलं. आई म्हनली, गप बस, ब्र काडू नगंस, दुसरी पोरगी बगू, पोरी काय कमी हायत व्हय, पन तुझा स्टार गेला तर परत यील का? तिचंबी चुकलं न्हाई. आन् सुरेखा भाकरी थापत ऱ्हायली, मग मागं न बगता म्हनली, भाऊजी चार दिस झालं धड जेवलं न्हाईत आन् तुमी येळच्या येळी गोळी खाताय.

उठलो. अमोल वट्ट्यावर बसलेला. त्याला सांगितलं, रगात माझं व्हतं, नाव तुझं दिलं. मला वाटलं तो आंगावर यील, यायलाच पायजे व्हता. त्यानं माझ्याकडं बगितलं आन् म्हनला, दादा, टाच दाखव. म्हंजी मी लंगडतोय हे त्यानं कवाच बगितलं व्हतं. आन् मग म्हनला, ऱ्हाऊ दे, कुनाला सांगू नगंस, तुझा स्टार हाय, माझं काय, हुईल कुटंतरी. तितं मला रडू आलं, आन् त्याहून जास्त राग आला, सोत्ताचा. मी म्हनलं चप्पल घाल, आष्ट्याला जायाचं. तो न्हाई म्हनला. मी एकटाच मोटरसायकल काडली.

आष्ट्यात त्यांच्या सोप्यात समदे जमलेले, आदी फोन केला व्हता मी. पोरीचा बाप, दोन भाऊबंद, आन् त्यो मामा. पानी दिलं, मी घेतलं न्हाई, हुबाच ऱ्हायलो. म्हनलं, त्या रिपोर्टमदलं रगात माझं. शुगर मला हाय आन् खोटं बोललो तेबी मीच. माझ्या भावाकडं ह्या दोनीतलं कायबी न्हाई. मामा म्हनला, फौजी मानूस आन् असलं काम? मी म्हनलं व्हय, फौजी मानूस, आन् असलंच काम केलं, अजून काय इचारायचं? तो म्हनला म्हंजी घरातच हाय की, आज थोरल्याला, उद्या धाकट्याला. मी म्हनलं उद्याचं तुमालाबी ठावं न्हाई आन् मलाबी न्हाई, तुमच्या पोरीची शुगर काडली का कवा? पोरीचं सोडा, तुमी दुसऱ्याचं रिपोर्ट टाईप करताय, सोत्ताचा काडलाय का? मामाचं तोंड बारीक झालं. मी म्हनलं, लगीन मोडायचं तर मोडा, पन मोडताना खरं कारन सांगा, की थोरल्या भावाला शुगर हाय म्हनून मोडलं. अमोल खोटारडा हाय म्हनून मोडायचं न्हाई, ते मी चालू देनार न्हाई.

पोरीचा बाप म्होरं सरला. त्यानं इचारलं, हे युनिटला कळलं तर तुमचं काय? मी म्हनलं स्टार जातो. तो म्हनला, कळनार कसं त्यास्नी? मी म्हनलं, मी सांगनार, सोमवारी हजर व्हतोय. तो दारापतूर सोडाय आला. मग म्हनला, कळवतो.

सोमवारी एमआय रूमला, म्हंजी आमचा युनिटचा दवाखाना, सकाळी हुबा ऱ्हायलो. डाक्टर एक कॅप्टन बाई, पोरगीच ती, पंचविशीची. मी म्हनलं, म्याडम, शुगर का शक है, जांच करवानी है. तिनं वर बगितलं, म्हनली, खुद आये हो? असं कोन येत नसंल तिच्याकडं. मिलिट्री हॉस्पिटलात आठ दिस ठिवला, बोटं टोचली, दंड टोचला, उपाशीपोटी, जेवल्यावर, समदं झालं, शुगर निघाली. कॅटेगरी पडली. टाचबी पयल्यांदा भरून आली, ते कुनी बोलत न्हाई. सुभेदार सायेब, कराडकडलंच हायत, मला बाजूला घेऊन म्हनलं, येड्या, दोन महिनं कळ काडली असतीस तर स्टार घालून मग शुगर काडता आली असती. मी म्हनलं सायेब, दोन महिन्यात माझ्या भावाचं लगीन गेलं असतं. ते म्हनलं, लगीन व्हय? आन् डोस्क्याला हात लावला.

माझ्या जागी दुसऱ्याला स्टार लागला. माझ्यापरास चार वर्सानं ज्युनियर, मी शिकवलेला. समदे बगत व्हते मी काय करतोय. मी समद्यांच्या आदी म्होरं झालो आन् कडक सॅल्यूट मारला. वाईट वाटलं का? वाटलं की! आवं, एकोनीस वर्सं पळलो त्याच्यासाटी. रात न् दिस वाटतं. पन मान खाली घातली न्हाई, आन् घालनार न्हाई, चोरी केली व्हती ती फेडली.

आष्ट्याचा फोन मी हॉस्पिटलात असतानाच आलेला. पोरीचा बाप म्हनला, तारीख काडा. मी म्हनलं शुगरचं काय, घरात हाय की. ते म्हनलं, पोरीला इचारलं, ती म्हनती ज्या घरातला मानूस सोत्ताहून सांगाय येतो त्या घरात मी जाते, बाकी तुमी बगा. लगीन झालं. पंगतीत मामा जिलबी वाढत माझ्यापतूर आला, थांबला, आन् म्होरं गेला. माझ्या ताटात त्यानं जिलबी टाकली न्हाई. मी म्हनलं, मामा, उपकार झालं. हसला बरं का. मला अजून तो मानूस फारसा आवडत न्हाई, पन हसला.

आता वर्सभरात पेन्शन. हवालदार गेलो आन् हवालदारच येनार. गावातलं म्हनत्यात, उत्तमनं तोंड गप ठिवलं असतं तर सुभेदार म्हनून आला असता. म्हनू द्या. अमोलच्या घरी पोरगी झाली, तिला घेऊन तो दर सुट्टीला येतो, आन् त्याच्या तोंडाकडं मला सरळ बगता येतं, ह्याला कुटला स्टार पुरतोय सांगा.

आईचं मात्र काय जमंना. पावनं आलं की ती हळूच सांगती, थोरल्याला जरा पित्ताचा तरास हाय, ग्वाड चालत न्हाई. मी आतनं वरडतो, पित्त न्हाई आई, शुगर हाय शुगर! ती कपाळाला हात लावती. पावनं च्या पिता पिता थांबत्यात, आन् त्यातलं एखादं जाताना मला भिंतीआड घेऊन हळूच इचारतं, तहान लय लागती हो मला, काय करावं? त्यास्नी सांगतो तेच तुमाला सांगतो. इतका येळ ऐकून घेतलंसा, बरं व्हईल तुमचं. चाळिशी वलांडली दिसती तुमीबी. एकदा तपासून घ्या, आन् खिडकीवर नाव इचारलं की तुमचंच सांगा.