देवदत्तच्या गाडीतला कॅम

मी, श्रीधर विनायक पोंक्षे, वय ७१ वर्षे, धंदा निवृत्त, पूर्वी पुण्यात इंजिन दुरुस्तीचे वर्कशॉप अडतीस वर्षे, राहणार पुंगोल, सिंगापूर, आज दि. १८ मार्च २०२५ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी मुलगा देवदत्त, वय ४१, याच्याकडे लाँग टर्म व्हिजिट पासवर राहतो. त्याच्याकडे १९६८ सालची आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार आहे. तिचे इंजिन सेम्बावांगचे मेकॅनिक श्री. लिम यांनी जानेवारीत पूर्ण खोलून बांधले. माझ्या पासवर काम करता येत नाही, म्हणून मी पान्ह्याला हात लावला नाही. फक्त सल्ला दिला.

इंजिनाचे व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडायचे, हे कॅमशाफ्ट, म्हणजेच कॅम, ठरवतो. देवदत्तला मोठा कॅम हवा होता. तो म्हणाला, "बाबा, साडेचारशे हॉर्सपॉवर निघेल. सिग्नलला उभी असताना कशी धडधडेल बघा!"

मी म्हणालो, "रस्त्यावरच चालवायची ना? मग तीनशे भरपूर झाली. मोठ्या कॅमने इंजिनाची हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, कमी होतो, आणि तुझा ब्रेक त्या व्हॅक्यूमवर चालतो. हळू जाताना पेडल दगडासारखं होईल."

श्री. लिम त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "अंकल करेक्ट, लाह." त्यांनी लहान कॅम बसवला. मीटर मी स्वतः वाचला. व्हॅक्यूम अठरा इंच, म्हणजे भरपूर होता. ब्रेक अंगठ्याने दाबला तरी लागत होता.

दि. १६ मार्च, रविवारी सकाळी ८.४० वाजता सेम्बावांग रोडवर सिग्नलला ही गाडी पुढे उभ्या असलेल्या टॅक्सीवर आदळली. टॅक्सीतील बाईंचे मनगट मोडले. गाडीत देवदत्त एकटाच होता. ब्रेक लागला नाही, काम लिम यांचे आहे, असे त्याने पोलिसांना सांगितले. घरी आल्यावर मला म्हणाला, "तुम्ही काही बोलू नका, बाबा. लिमचं लिम बघेल."

आज सकाळी ११ वाजता मला व देवदत्तला गाडी दाखवण्यात आली. अधिकाऱ्यांसमोर इंजिन चालू केले. आवाज ऐकताच मी म्हणालो, हा माझा कॅम नव्हे. मीटर लावला. नऊ इंच.

तेव्हा देवदत्त म्हणाला, "फेब्रुवारीत दुसरीकडे बदलून घेतला. तुम्हाला सांगणारच होतो."

मी विचारले, "लिमना सांगितलंस?"

तो बॉनेट लावायला वळला.

श्री. लिम यांच्या कामात दोष नव्हता. हे मी खात्रीने सांगतो आणि कोर्टातही सांगेन. देवदत्त माझा एकुलता एक मुलगा आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. अधिकाऱ्यांनी विचारल्यावरून सांगतो की, सकाळपासून मी काही खाल्लेले नाही, परंतु माझी प्रकृती ठीक आहे.

हा जबाब इंग्रजीत टाइप झाला व दुभाषी श्रीमती साधना यांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात 'मुलाने चुकून कॅम बदलला' असे आले होते. 'चुकून' हा शब्द मी काढायला लावला व तेथे सही केली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.