मोठ्या बाईच्या मोटारीतला वास

मी मूळचा बोदलकसा तलावाखालच्या गावचा, धिवराचा पोरगा. बाप डोंग्यातून मासे मारे, माय टोपलं घेऊन तिरोड्याच्या बाजारात बसे, आन माझं नाक असं तिखट का टोपल्यावरचा पाला न काढता मी सांगत होतो, हे मासे कालचे का आजचे. बाप गेला तेव्हा मी तलावाचं पानी सोडलं, गोंदियाले आलो, स्वातंत्र्य आलं ते सालच ते, आन मोटारी दुरुस्त करनाऱ्या एका उस्तादापाशी राहिलो. उस्ताद हिंदीत बोलत. म्हनत, सुखदेव, पहले नाक लगा, फिर पाना लगा. ते माझ्या नाकाले ओळखून होते, म्हनून त्या मोटारीसाठी त्यायनं मलेच पाठवलं.

काय सांगू ताई तुमाले, तेव्हा मी चांगला कारागीर झालो होतो, लग्न झालं होतं, सात-आठ वर्षं हाताखालून मोटारी गेल्या होत्या. ही मोटार दरेकशाकडच्या एका मालगुजाराची, जमीनदाराची म्हना. मालगुजारी तर सरकारनं कधीचीच संपवली होती, पन लोक मालगुजारच म्हनत. काळी विलायती मोटार, जुनी, मांगच्या काचायले हिरवे पडदे. घरात दोघं भाऊ. थोरले मालक त्याच मोटारीत गेले होते, चार वर्षं झाली होती त्याले. एकटेच सालेकसाकडून गाडी हाकत येऊन राहिले होते, घाटात जबर पानी लागलं, तर त्यायनं गाडी झाडाखाली उभी केली, काचा वर केल्या, आन मांगच्या शिटावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी लोकायले सापडले. डोकं टेकवून झोपल्यासारखे, अंगावर ना जखम ना ओरखडा, बाजूले डबा अर्धा खाल्लेला. गाडीतलं पेट्रोल पार आटलेलं.

तो डबा मोठ्या बाईनं भरून देल्ला होता. मोठ्या बाई म्हंजे त्यायची बायको. त्या सकाळी दोघाइचं भांडन झालं होतं, घरच्या गड्यायनं आयकलं होतं. मंग काय, सासू बोलली, डब्यात कायतरी कालवलं हिनं. पोलिसात कोनी गेलं नाई, घराण्याची इज्जत होती ना, पन बाईले चार वर्षं कोनी स्वैपाकघरात पाय ठेवू देल्ला नाई. मी चार वर्षं सांगून राहिलो ताई, चार दिवस नाई.

आन त्या मोटारीत पेट्रोलचा वास ये. धाकटे मालक बसले तर नाई, सासू बसली तर नाई, मोठ्या बाई बसल्या का ये. एकदा दवाखान्यात नेताना बाई वासानंच बेशुद्ध पडल्या. लोक म्हनाले, थोरले मालक बोलावून राहिले तिले. धाकटे मालक मले म्हनाले, वास सापडला तर ठीक, नाई तर मोटार मोडीत काढतो आन वहिनीले कायमची माहेरी धाडून देतो, माय घरात राहू देत नाई.

मी मोटार दोन दिवस हाकून पाह्यली. वास नाई. टाकी रिकामी केली, सारा पाइप पुसला, दिवसभर उन्हात ठेवली. वास नाई. मंग मी बाईले, दुरूनच, विचारलं, बाई, तुमी कशा बसता? त्या वसरीच्या खांबाआड उभ्या होत्या. म्हनाल्या, कशी म्हंजे, विधवा बसते तशी. काचा वर, पडदे ओढून. बाकीचे काचा खाली करून बसतात, मले कोनी पाहू नये म्हनून मी बंद बसते.

मले तिथंच अर्धं समजलं. मी मांगच्या शिटावर बसलो, काचा वर केल्या, पडदे ओढले. टाकी रिकामी होती ताई, एक थेंब नव्हता, आन थोड्याच वेळात असा वास आला का कोनी माझ्या मांडीवर पेट्रोलचा डबा उघडून ठेवला. बाहेर भर दुपार होती. त्या हिरव्या उजेडात आपला हातही मेलेल्याचा वाटे.

शीट उचललं. आतला काथ्या पेट्रोल पिऊन बसला होता, वर्षानुवर्षाचं. खालच्या लाकडी फळीले बोटभर भोक, आन भोकाच्या बरोबर खाली पेट्रोलच्या पाइपाचा जोड, त्याचा नट ढिला. गाडी चालली का तिथून पाझरे आन वर काथ्यात चढे. मी जोड आवळला, काथ्या फेकून नवा भरला. झालं होतं माझं काम. उस्ताद असते तर म्हनले असते, चल वापस.

पन त्या भोकाच्या कडेले काळं लागलं होतं. काजळी. पेट्रोल काजळी धरत नाई. हे कायचं, मी म्हनलं, आन तेवढ्यासाठी पुन्हा टाकीत पेट्रोल टाकलं, गाडी जागच्या जागी चालू केली, आन मांगं जाऊन बंद करून बसलो, नाक लावून.

वास नाई. पेट्रोलचा अजिबातच नाई, चुलीपाशी राहते तेवढा धूर, बस. मले बरं वाटलं. मंग कपाळ जड झालं. मंग जांभया. आन मंग, तुमी माना का नका मानू, शीट माझ्या बाजूले दबलं, जसं कोनी मानूस येऊन बसला. मी मान वळवली. पांढरं धोतर, काळा कोट, पन्नाशीतला मानूस, काचेतून बाहेर पाहून राहिला होता आन डाव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक बोट मोजल्यासारखं करून राहिला होता. बाहेर कडक ऊन, पन मले पानी पडल्याचा आवाज येत होता. तो मानूस माझ्याकडं न पाहता म्हनाला, पानी थांबू दे, मंग घरी निघू. असा शांत बोलला का मले वाटलं, काऊन घाई करावं, बसू. हात उचलाले गेलो तर हात माझा नाई.

दार उघडलं ते मोठ्या बाईनं. त्यायनं वसरीवरून पाह्यलं होतं का मिस्त्री बसला तो हलून नाई राहिला. चार वर्षांत कोनाले तोंड न दाखवलेली बाई उघड्या डोक्यानं धावत आली, माझ्या बगलेत हात घालून मले मातीत ओढलं, धिवराले, सगळ्या गड्यायच्या देखत. मी ओकलो. श्वास आला तसा पहिलं तेच बोललो, बाई, आत कोनी बसलं आहे. त्यायनं आत पाह्यलं. कोनी नव्हतं. काय करून राहिले होते, त्यायनं विचारलं. मी अंगठा बोटावर फिरवून दाखवला. बाई म्हनाल्या, ही त्यायचीच सवय. काही बोलले का? मी सांगतलं. पानी थांबू दे, मंग घरी निघू.

घरी म्हनाले? त्यायनं दोनदा विचारलं. होय जी, घरी.

मंग मी धुराचा पाइप पाह्यला. त्या भोकाखालीच तडकला होता, सारा धूर वर शिटात. थोरल्या मालकानं पावसात उतरून हँडल मारावं लागू नये म्हनून गाडी चालू ठेवली असन, काचा बंद. पन हे तोंडानं सांगून कोन मानते. मी धाकट्या मालकायले म्हनलं, एक कोंबडी आना. सासूले बोलावलं. कोंबडी टोपल्यात घालून आत ठेवली, दारं लावली, गाडी चालू केली. सारे उभे. थोड्या वेळानं दार उघडलं तर कोंबडी टोपल्यात मान टाकून, ना फेस ना फडफड, झोपल्यासारखी. धाकटे मालक हळूच म्हनाले, दादा असाच होता.

सासूनं ती कोंबडी हातात घेऊन उलटीपालटी करून पाह्यली. लय वेळ पाह्यली. मंग मोठ्या बाईकडं न पाहता म्हनाली, चूल पेटव, मिस्त्री उपाशी आहे. त्या दिवशीचं जेवन मोठ्या बाईनं रांधलं, आन पहिला घास सासूनं घेतला, माझ्यासमोर.

मी पाइप बदलला, भोक बुजवलं, फळी नवी टाकली. बाई मंग काचा खाली करून बसत, पडदे त्यायनं सवताच काढून टाकले. डॉक्टर मले म्हनाले का तो धूर डोक्यात चढला का भलतंसलतं दिसते. असन. मी त्या मालकायले जित्तेपनी कधी पाह्यलं नव्हतं, फोटोही नाई, एवढंच मले माहीत.

बाई गेल्या त्याले लय वर्षं झाली. उस्ताद गेले, गॅरेज आता पोरं चालवतात, मी खाटेवर बसून राहतो. घरवालीले हे मी कधी पुरतं सांगतलं नाई, तिनं मले पुन्हा कामावर जाऊ देल्लं नसतं. आज तुमी बसल्या म्हनून सांगतलं. देव तुमाले सुखरूप घरी पोचवो, ताई. चहा घ्या, थंडा होऊन राहिला.