आपोआप लिहिलेला माल

सांगा भाऊ, तळाशी हात घातल्याशिवाय मालावर भरवसा ठेवाल का? मी अकोल्यात कापूस घेतो. वरून कोरडा अन् खाली ओला माल पाहून पाहून संशय अंगात मुरलाय.

परवा अमरावतीला पुतणीकडे, प्राजक्ताकडे गेलो. प्रोग्राममध्ये तेच गणित दोनदा आलं तर ते एकदाच करणारी कंपायलरची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, ती लिहिते; कंपायलर म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा दुभाषा. दुसऱ्या दिवशी ती तिच्या साहेबांना दाखवायची होती, आणि एकही दुबार गणित गळत नव्हतं.

"जेनेरिक आहे काका, कोणत्याबी मालाले चालते."

"एकच चाळणी तुरीले अन् तिळाले? मले नाही पटत."

"दोन दाणे सारखे हायेत का, एवढं मालाले सांगता आलं पाह्यजे. तो सारखेपणा तपासायचा कोड डिराइव्ह मॅक्रो नावाची सोयच लिहून देते. वर एक ओळ टाकली की झालं."

"त्यानं लिहिलेलं तू पाह्यलं?"

"आपोआप होते ते! कोण पाहते?"

"मंग घाल हात तळाशी."

तोंड वाकडं करून तिनं तो आपोआप आलेला कोड उघडला. दोन गणितांची तुलना करताना तो आकडे पाहत होता, चिन्हं पाहत होता, अन् गणित कितव्या ओळीवर लिहिलंय तेही पाहत होता! ओळी वेगळ्या, म्हणून सारखी गणितंही वेगळी ठरत होती. तिनं ती तुलना स्वतः लिहिली, ओळीचा नंबर वगळला, आणि दुबार गणितं पटापट गळाली.

आता माझा धाकटा भाऊ, प्राजक्ताचा बाप, अमरावतीभर सांगत फिरतो, दादानं कंपायलर दुरुस्त केला. साफ खोटं. चूक पोरीनं शोधली, मी फक्त संशय घेतला. तुम्ही हा किस्सा सांगाल तेव्हा एवढा हिशेब खरा ठेवा.