वाकायचं ते कमरेतून

दिवसभर चिखलात वाकून धानाची रोपं लावायचा रोवणा आटपून भागीरथाबाई मूल गावच्या थांब्यावर बसची वाट पाहत होत्या. बाजूच्या सायकल दुकानासमोर मुखरू मिस्त्रीनं शर्यतीची सायकल स्टँडवर चढवली होती अन् वर रंजीता, शर्यतीत उतरणारी पोरगी, बसली होती.

“उद्या घड्याळाशी शर्यत हाय, रंजीता. हँडल अजून वर घेऊ? पाठ दुखन तुही.”

“वर नाई भाऊ, खाली घ्या! सारी हवा छातीले लागून राह्यली. मागच्या बारी तीन सेकंदानं हुकली मी.”

“अवं, अर्धा घंटा वाकून राहशीन?”

“रोवण्यात दिवसभर वाकूनच असतो ना आमी!”

“हे घे, केलं खाली. मंग तशीच वाक, कमरेतून. हां! पाठ पाटावानी झाली पाह्य.”

“पन गुडघा पोटाले लागते.”

“थांब, सीट पुढं घेतो. आता?”

“नाई लागत! भाऊ, सोडा मले, एक चक्कर मारून येतो!”

सायकल सुसाट गेली. तेवढ्यात बस आली.

“बाई, चढता ना?” कंडक्टरनं विचारलं.

भागीरथाबाईंचा हात कमरेवर होता, नजर रस्त्यावर.

“थांब ना बाप्पा. पोरगी वापस येऊ दे.”