सकाळचा पहिला वाचक

(भोकरदन, बसस्टँडसमोरचं नेट कॅफे. २००८ सालचा मार्च महिना, दुपार. गोपिका खडके संगणकापुढे बसली आहे. कॅफेचा मालक मच्छिंद्र तिच्या खुर्चीमागे उभा.)

गोपिका : पुन्हा उघड. मला परत एकदा पाहायचंय.

मच्छिंद्र : मॅडम, नेट लई स्लो चालून राह्यलंय आज. नकाशा अर्धाच आला असंल. बाकीचे ठिपके यायचे असतील अजून.

गोपिका : नकाशा पूर्ण आलाय. खाली श्रीलंका पण आली. ठिपका एकच आहे.

मच्छिंद्र : जालन्यावर हाये ना? मंग चांगलंय की. आपल्या जिल्ह्यात वाचून राह्यले लोक.

गोपिका : जिल्ह्यात कोण? कॉलेजातल्या एकाही बाईला माझा ब्लॉग माहीत नाही. मी कुणाला सांगितलंच नाही.

मच्छिंद्र : चहा सांगू का? अर्धा?

गोपिका : नको. मच्छिंद्र, तीनला लाइट जाणार. त्याआधी मला हे चित्र पुण्याला पाठवायचंय. संपादक बाईंनी आठ दिवसांपूर्वी लिहिलं होतं. तुमचे लेख आवडले, आमच्या वेबसाइटवर दर आठवड्याला सदर देऊ, फक्त हे नवं टूल बसवा आणि तुम्हाला कोणत्या गावांतून वाचतात ते आम्हाला दाखवा. आज शेवटचा दिवस आहे.

मच्छिंद्र : मंग त्यो जुना आकडाच पाठवा ना. पानाच्या खाली येतो त्यो. चांगला भरगच्च हाये.

गोपिका : तो आकडा किती वेळा आणि किती वाजता उघडलं ते सांगतो. कुठून उघडलं ते सांगत नाही. हे सांगतं. आता वेळा त्याच्याशी जुळव. हे बघ. रोज सकाळी पहिला माणूस येतो. तू शटर वर करतोस त्याच सुमाराला. रात्री तू कुलूप लावलंस की माझे सगळे वाचक झोपतात. रविवारी तू अर्धा दिवस उघडतोस, ते पण अर्धाच दिवस वाचतात.

मच्छिंद्र : लाइट जायच्या आधी पुण्याचं काम करून घ्या ना.

गोपिका : बोल ना.

मच्छिंद्र : मॅडम, तुमाला राग येईल.

गोपिका : तो नंतरचा प्रश्न आहे. आधी बोल.

बद्रीनाथ : (रोजचं गिऱ्हाईक, दारातून आत येत) मच्छिंद्र! अरे, तीन नंबरवर बसू का? इंदूरचे सोयाबीनचे भाव बघायचेत जल्दी. मोंढ्यात शेठ थांबलाय.

मच्छिंद्र : बसा ना बद्रीनाथ भाऊ.

बद्रीनाथ : आणि ते तेवढं काढून टाक बाबा एकदाचं. ती बेडकीवाली जाहिरात. कधीबी बसा, आधी ती बेडकी. रोज बंद करून राह्यलो मी तिला. कशाची हाये ती, फवारणीच्या औषधाची?

मच्छिंद्र : भाऊ, तुम्ही भाव बघा ना.

बद्रीनाथ : बघतो की. माझं काय म्हणणं, बेडकी कशाला? माणसानं देवाचा फोटो लावावा.

गोपिका : बेडकी नाही ती. बेडूक आहे. नर.

बद्रीनाथ : आँ? तुमाला कसं कळलं, ताई?

गोपिका : गळ्याखाली फुगा आहे ना, त्यावरून. नरच ओरडतो.

बद्रीनाथ : घ्या. आमच्या घरी उलटं हाये. मच्छिंद्र, भाव तर पडलाय रे. चाललो मी. तुझे पैसे संध्याकाळी.

मच्छिंद्र : हाव हाव, जावा.

गोपिका : माझं बेडकाचं पान सगळ्या मशीनवर लावलंयस?

मच्छिंद्र : साहीच्या साही. उघडलं की पहिलं पान तुमचंच येतं. मंग माणसं आपापल्या कामाला लागतात. रिझल्ट बघतात, भरतीचा फॉर्म भरतात.

गोपिका : कधीपासून?

मच्छिंद्र : तुम्ही त्यो आकड्याचा डबा बसवला ना मागच्या पावसाळ्यात? तवा महिनाभर त्यो हललाच न्हाई. तुम्ही यायच्या, त्याच्याकडं बघायच्या आणि जायच्या. मंग दोन आठवडे तुम्ही आल्याच न्हाईत. मला वाटलं, मॅडमचं मन उठलं. आधी त्या बाहेरच्या देशाच्या साइटवर कामं मागून बघितली, तिथं कुणी दिली न्हाईत.

गोपिका : आधी काम केल्याची पावती असेल तरच काम देतात तिथं.

मच्छिंद्र : तेच की. कॉलेजनंबी ह्या साली तास दिले न्हाईत. म्हणलं, हेबी बंद पडलं तर मॅडम हसनाबादला जातील भावाकडं. म्हणून लावलं. मला वाटलं, धा-वीस आकडे पुढं सरकतील, बरं वाटंल, मंग काढून टाकू. पण तुम्ही लई खूश झाल्या. मंग काढायची हिंमत झाली न्हाई.

गोपिका : म्हणजे जानेवारीत आकडा एकदम वर गेला होता, तेव्हा...

मच्छिंद्र : तवा लोडशेडिंग वाढलं होतं. लाइट गेली की मशिनी बंद. आली की मी साही चालू करून ठेवायचो, गिऱ्हाइकाला थांबायला लागू न्हाई म्हणून. दिवसातून चार-चार वेळा.

गोपिका : मी त्याचा आलेख काढला होता, मच्छिंद्र. आलेखाच्या कागदावर, शिसपेन्सिलनं. बेडकांच्या लेखाला वाचक जास्त, पाणसापाच्या लेखाला कमी. मी त्यावरून ठरवलं की लोकांना उभयचर प्राणी आवडतात. तीन लेख त्यावरच लिहिले. पुण्याला तसं कळवलं पण.

मच्छिंद्र : चुकलं माझं.

गोपिका : तुझं काय चुकलं? मीच इतकी वर्षं पोरांना शिकवलं, दोन गोष्टी बरोबरीनं वाढल्या म्हणजे एकीमुळं दुसरी वाढली असं नसतं. तू होतास त्या वर्गात.

मच्छिंद्र : होतो, पण मागं. नापासबी झालो त्याच्यात.

गोपिका : आठवतंय.

मच्छिंद्र : शिव्या द्या ना मॅडम. असं हळू बोलू नका.

गोपिका : सकाळी पहिला यायचा ना, त्याच्याविषयी मी फार विचार केला होता. रोज एकाच वेळी येतो म्हणजे शिस्तीचा माणूस असणार. निवृत्त. रेल्वेतला नाही तर पोस्टातला. सकाळी चहा घेऊन बसत असेल, घरात दुसरं कुणी नसेल. तेवढ्या सकाळी माझा लेख उघडतो म्हणजे त्याला बोलायला माणूस नसणार. डोळे अधू असतील म्हणून मी अक्षर मोठं केलं. वाक्यं लहान केली. एखाद्या दिवशी त्याला उशीर झाला तर मला वाटायचं, आजारी आहे की काय.

मच्छिंद्र : पोळ्याला आम्ही गावाकडं गेल्तो, तवा दोन दिवस बंद होतं दुकान.

गोपिका : हो. ते दोन दिवस मागाहून रिकामे दिसले, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

मच्छिंद्र : मॅडम, अजून वेळ हाये. ऐका माझं. तुमाला ठिपके पाहिजेत ना? माझा मावसभाऊ देवानंद नाशिकला असतो, मोबाइलच्या दुकानात. त्याच्याकडं नेट हाये. साडू पुण्यात, वर्गातला एक पोरगा नागपूरला. सगळ्यांला फोन लावतो आताच. पत्ता सांगतो, उघडा म्हणतो. चार-पाच शहरं झाली की बास. त्या बाईंना काय कळायलंय?

गोपिका : नको.

मच्छिंद्र : काहून नको? त्यांला ठिपके पाहिजेत, आपल्याकडं माणसं हायेत. लेख तर तुमचेच ना? ते तर चोरीचे न्हाईत?

गोपिका : लेख माझेच आहेत.

मच्छिंद्र : मंग! एकदा सदर मिळालं की खरी माणसं वाचतील. तवर हे. तुमच्या भावाला काय सांगणार न्हाईतर? तुम्हीच बोलल्या ना, दादाला सांगून ठेवलंय.

गोपिका : दादानं गावभर सांगितलंय. आमच्या गोपीला रोज शे-दोनशे लोक वाचतात म्हणून. वहिनी म्हणाली, मग त्यातला एकतरी घरी का येत नाही?

मच्छिंद्र : लावू का फोन?

गोपिका : ...किती वेळ लागेल?

मच्छिंद्र : हे बघा लागला. हॅलो, देवा? मी मच्छिंद्र. अरे, हाये का कंप्युटरवर? एक पत्ता सांगतो, टाक. न्हाई, न्हाई, गाण्याची साइट न्हाई. तू टाक तर. आमच्या मॅडमचं हाये. बेडूक आला का? हां, बराबर, तेच. बास, झालं काम. आईला सांग, फोन केल्ता म्हणून. मॅडम, आता नकाशा ताजा करा.

गोपिका : आला.

मच्छिंद्र : बघा! नाशिक! कसा चमकून राह्यलाय.

गोपिका : हो. छान दिसतोय.

मच्छिंद्र : आता साडूला लावतो.

गोपिका : थांब. ह्यात अजून एक रकाना आहे. पानावर किती वेळ थांबला ते पण लिहितात. नाशिकच्या पुढं शून्य आहे.

मच्छिंद्र : ते काय, बेडूक बघून बंद केलं असंल त्यानं. परत लावतो फोन, म्हणतो पाच मिनिटं उघडं ठेव.

गोपिका : उघडं ठेवून तो काय करेल?

मच्छिंद्र : गिऱ्हाईक बघंल दुकानातलं.

गोपिका : राहू दे. फोन ठेव खाली.

मच्छिंद्र : मॅडम, असं हातचं सोडू नका. किती वाट बघितली तुम्ही.

गोपिका : एक विचारू? तू रोज साही मशिनींवर उघडत होतास. तू एखादा तरी लेख वाचलास का?

मच्छिंद्र : खरं सांगू?

गोपिका : आता खोटं कशाला सांगशील?

मच्छिंद्र : न्हाई वाचला. दोनदा सुरू केल्ता. पण तुमचं वाचायला लागलं की वर्गात बसल्यावाणी वाटतं. कुणी उठवून प्रश्न विचारंल असं.

गोपिका : बरं झालं सांगितलंस. पावणेतीन झाले का?

मच्छिंद्र : होत आले.

गोपिका : मेल उघडून दे. मी लिहिते, तू फक्त तो नकाशा जोड. नाशिकच्या आधीचा. तो मी साठवून ठेवलाय.

मच्छिंद्र : एकच ठिपक्याचा?

गोपिका : तोच. लिहिते हां. "सप्रेम नमस्कार. आपण मागितलेलं चित्र सोबत जोडलं आहे. त्यात दिसणारा ठिपका हा मी ज्या नेट कॅफेतून लिहिते त्याचा आहे. तिथल्या सर्व संगणकांवर माझं पान आपोआप उघडत होतं. हे मला आज कळलं."

मच्छिंद्र : माझं नाव टाका. ह्यानं केलं म्हणून.

गोपिका : नाव टाकून त्यांना काय करायचंय? "याआधी मी जानेवारीतल्या वाचकसंख्येबद्दल जे कळवलं होतं, ते चुकीचं होतं. मला नियमित वाचणारं कुणी आहे, असा पुरावा माझ्याकडे नाही. लेखांतली माहिती मात्र मी तपासून लिहिली आहे. आपली, गोपिका खडके." वाचून बघ, काही राहिलं का.

मच्छिंद्र : "मला नियमित वाचणारं कुणी आहे, असा पुरावा..." एवढं तरी गाळा ना, मॅडम. लई उघडंबोडकं वाटतं.

गोपिका : दुसरे शब्द नाहीत त्याला. जोडलास नकाशा?

मच्छिंद्र : जोडून राह्यलोय. वर चढायला टाइम लावतंय. चढला. दाबू का? अजून सांगा न्हाई म्हणून.

गोपिका : सरक. मी दाबते.

मच्छिंद्र : ...गेलं?

गोपिका : गेलं. आता त्या मशिनींवरून माझं पान काढून टाक.

मच्छिंद्र : सगळ्यांवरून?

गोपिका : सगळ्यांवरून. ह्या एकावरून मी काढते.

मच्छिंद्र : चार झाल्या. पाचवी... घ्या, गेली लाइट. एक राह्यली मॅडम. लाइट आल्यावर काढतो, आईशप्पथ.

गोपिका : आठवणीनं काढ.

मच्छिंद्र : त्या बाई काय म्हणतील वो?

गोपिका : सदर देणार नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मी पण दिलं नसतं.

मच्छिंद्र : मंग आता?

गोपिका : चारची बस आहे हसनाबादची. दादाकडं जाऊन सांगते. रात्री तिथंच राहीन.

मच्छिंद्र : परत येणार ना?

गोपिका : खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंतचं दिलंय. तोवर येईन.

मच्छिंद्र : चारला टाइम हाये अजून. स्टँडवर ऊन लई. इथंच बसा. पंखा न्हाई, पण सावली तर हाये.

गोपिका : बसते.

मच्छिंद्र : मॅडम, पिशवीत कागद दिसून राह्यलेत. आज टाइप करायला आणलं होतं का काही?

गोपिका : होतं. ह्या आठवड्याचा लेख. आता राहू दे.

मच्छिंद्र : कशावर हाये?

गोपिका : दवावर.

मच्छिंद्र : वाचून दाखवा.

गोपिका : उगाच मला बरं वाटावं म्हणून काही करू नकोस. एवढं एक आज नको.

मच्छिंद्र : तसं न्हाई. लाइट न्हाई, गिऱ्हाईक न्हाई, मी तरी काय करू बसून? वाचायला मला भ्या वाटतं, ऐकायला न्हाई वाटत.

गोपिका : इथं आत अक्षर दिसत नाही. तोंडी सांगेन.

मच्छिंद्र : तोंडी तर तोंडी.

गोपिका : मधे फोन घ्यायचा नाही. आणि कळलं नाही तर मान हलवायची नाही.

मच्छिंद्र : बंद केला फोन. सांगा.

गोपिका : लहानपणी पहाटे हरभऱ्यात गेलायस कधी?

मच्छिंद्र : रोज जायचो की. पार पोटरीपर्यंत पायजमा ओला व्हायचा. आई म्हणायची, रात्री लई दव पडलं.

गोपिका : सगळे तसंच म्हणतात. पण रात्रभर वरून काहीच आलेलं नसतं, मच्छिंद्र. लेख तिथून सुरू होतो.