आकाशातून पडलेले यान माझेच आहे

जबाब, दिनांक १६ जुलै १९७९

माझे नाव पंजाबराव ग्यानबा पडघान, वय ४१ वर्षे, व्यवसाय शिक्षक, धर्म बौद्ध, राहणार सावरवाडी, रिठदजवळ, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

मी पत्नी लिलाबाई हिच्यासह वरील ठिकाणी राहतो. मला अंतराळयानांच्या जुन्या प्लॅस्टिक प्रतिकृती जोडण्याचा नाद आहे. 'नाद' हा शब्द जबाब लिहून घेणारे जमादार भाऊसिंग यांचा. मी 'अभ्यास' सांगितला होता.

सदर यान मी नागपूरच्या जुन्या बाजारातून खोक्यासह आणले. ती प्रतिकृती माणूस चंद्रावर जाण्याच्या बऱ्याच आधी बाजारात आलेली असल्याने त्यात चुका होत्या, त्या मी सुधारल्या. सांधे लांबी म्हणजे पुट्टी भरून घासले. प्लॅस्टिकची काडी रॉकेलच्या चिमणीवर तापवून ताणली व तिची अँटेना केली. गहाळ नळकांड्यांच्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हची टोपणे बसवली. आतला चालक गुलाबी गोरा पुरुष होता. त्याला सावळा रंग दिला, लांबीचा अंबाडा घातला व लिलाबाई केली. चंद्र कोणाच्या बापाचा नाही. हे वाक्य लिहून घ्यावे असा मी आग्रह धरला.

पत्नीने चालक पाहून म्हटले, "चंद्रावर कायले नेता मले? आदी गावच्या हिरीवर तं न्या."

आमच्या नाल्यापलीकडील वस्तीतील बायांना गावविहिरीवर पाणी भरू देत नाहीत. त्याबद्दल मी आजवर पुष्कळ भाषणे केली. पत्नी नाल्यातून पाणी आणते.

गुरुवारी यान रंग वाळण्यासाठी घराच्या टिनावर ठेवले होते. ते एका वानराने उचलून नेले व पोलीस पाटील बबनराव यांच्या वावरात टाकले. अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा स्कायलॅब कोसळल्याची बातमी त्याच दिवशी रेडिओवर होती. बबनराव यांनी यान म्हणजे तिचाच तुकडा असे ठरवून ते डोक्यावर घेऊन वाजतगाजत पारावर नेले. त्यांच्या पत्नी गोजराबाई यांनी हळदकुंकू वाहून त्यावर गावविहिरीचे पाणी ओतले. त्यानंतर गावातील सर्वांनी रांगेने तसेच केले. दुसऱ्या दिवशी बबनराव यांनी ते ठाण्यात जमा केले.

आज मी यान परत मागितले असता बबनराव यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतले.

"गुरुजी, तुमचं नाही म्हना न. अमेरिकेचं हाय म्हना."

"काहून?"

"कळशी त्याले टेकली. थेच कळशी मंग हिरीत गेली. सारं गाव पानी पिऊन राह्यलं."

म्हणजे सातासमुद्रापलीकडचे चालते, नाल्यापलीकडचे चालत नाही. यावर मी जे बोललो ते जमादार यांनी लिहून घेतले नाही. "भाषन नोका देऊ गुरुजी, कागद सरकारी हाय," असे ते म्हणाले.

खातरजमेसाठी मी आत येऊन यानाचे झाकण उघडण्यास गेलो. बबनराव यांनी हरकत घेतली, "परदेशी माल हाय, फुटंल." मी उघडले. आत लिलाबाई बसलेली होती. अंबाडा शाबूत होता. कमरेपर्यंत विहिरीचे पाणी होते.

पत्नी सोबत आलेली होती. तिने आत वाकून पाहिले व बबनराव यांना विचारले, "मंग बाटली म्हना तुमची हीर?"

बबनराव झाकण लावू लागले, तेव्हा पत्नी म्हणाली,

"आता थे तुमच्या कायच्या कामाची? उद्या सकाळी मी हंडा घेऊन येतो."

तरी उद्या सकाळी गावविहिरीवर एक शिपाई हजर असावा, अशी माझी मागणी आहे. यानाबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वानराविरुद्धही नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. भाषण गाळले आहे, बाकी मी सांगितले तसे आहे. यान पाण्यासह मिळाले. पाणी सांडू नये असे पत्नीचे म्हणणे असल्याने, यान उजव्या हातात धरून सही डाव्या हाताने केली आहे.