अक्कानं अडवलेलं पान

आमच्या अक्काचा इंगा भाटाला कसा कळला, सांगतो. स्वराज्य यायच्या आधीची गोष्ट. दसऱ्यानंतर एरंडोलला आमचे सगळे भाऊबंद जमायचे आणि भाट त्याच्या वहीतून सात पिढ्यांची नावं वाचायचा. सगळ्यांचं रांधायची माझी आत्या, अक्का. एका वर्षी तिनं भाटाला विचारलं, “मन्हं नाव कोठे शे?”

“बायांची नावं वहीत नसतात, अक्का.”

अक्का चुलीकडं वळली. पंगतीत सगळ्यांना खापरावरची पुरणपोळी वाढली, भाटापुढं मात्र नुसती जमीन.

“अक्का, माझं पान?”

“मन्हं नाव जठे शे, तठेच तुन्हं पान शे, भाऊ!”

भाटानं तिथंच दौत उघडली.

पुढं अक्का गेली. पण तिच्या नावापाशी आला की भाट आधी चुलीकडं बघायचा, मगच वाचायचा.